रोजच्या जपानी शब्दांची मराठी वही: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, निशी-कसाई, तोऽक्योऽ

आजपासून वही सुरू.

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीत यवतमाळचं एक कुटुंब राहायला आलं. वहिनींनी विचारलं, "ताई, दारावर कोणी आलं तर काय बोलू?" मी त्यांना माझ्या जुन्या पुस्तकातल्या दोन पानांचे फोटो पाठवले. इंग्रजीतून जपानी शिकवणारं पुस्तक. संध्याकाळी त्या परत आल्या. इंग्रजी वाचून आणखी गोंधळ झाला होता. मी सात वर्षांपूर्वी याच वाटेनं शिकले, आधी मराठीचं इंग्रजी, मग इंग्रजीचं जपानी. या वळशात काय काय सांडलं ते आता एकेक करून सापडतंय.

तेव्हा ठरवलं की वही थेट मराठीतून जपानीत करायची. एदोगावा वॉर्डाच्या या भागात २००० सालाच्या आसपास संगणकवाली भारतीय मंडळी यायला लागली, कारण तोऽझाई लाइननं ओतेमाचीच्या ऑफिसांना थेट जाता येतं. आता मराठी घरंही बरीच आहेत. घरातला एक जण ऑफिसात असतो, तिथं इंग्रजीवर भागतं. बाकीच्यांची गाठ पडते ती दार, दुकान, शाळा, दवाखाना आणि कचऱ्याच्या दिवसांशी. वही त्यांच्यासाठी. शब्दही तिथलेच. इकिगाई (जगण्याचं कारण), वाबी-साबी (अपूर्णतेतलं सौंदर्य) घेणार नाही. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि शेजारच्या आजींच्या तोंडून सात वर्षांत मी ते एकदाही ऐकले नाहीत.

पहिला शब्द ठरलेलाच होता. घरातून निघताना म्हणायचं इत्तेकिमास. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येते. जाऊन येते! माझ्या पुस्तकात याला नुसता निरोपाचा शब्द म्हटलं होतं. नागपूरला आजीच्या घरातून कोणी "जातो" म्हणालं तर आजी उंबऱ्यातून परत बोलवायची, "येतो म्हण." घरात राहणारा इत्तेराश्शाय म्हणतो, म्हणजे जाऊन या. परतल्यावर तादाइमा, शब्दशः "आत्ता". 'आत्ता आलो'मधलं 'आलो' गळून गेलेलं. त्यावर आतून उत्तर येतं ओकाएरी. त्याला मी "आलीस?" लिहिलं. आमच्याकडे कोणी दारात आलं की आई हेच विचारते, आणि तो प्रश्न नसतोच.

१९ जानेवारी

लिपीचा निर्णय. सगळं देवनागरीत. रोमन अक्षरं वहीत नकोत.

मला वाटलं होतं तडजोड करावी लागेल, पण देवनागरी चांगलीच जुळते. त्यातही मराठीची देवनागरी. जपानीतला 'त्सु' इंग्रजीतून शिकणाऱ्याला जड जातो. आपल्याकडे चूल, चूक, चुना यांत जो च आहे तो जवळपास हाच. चिंचेतला च वेगळा, तो जपानी 'चि'साठी. तसंच मिजु, म्हणजे पाणी. यातला ज 'जुना'मधला, जिभेतला नव्हे. वहिनींच्या मुलाला एवढं सांगितलं आणि त्यानं पहिल्याच फटक्यात 'त्सुकुए', म्हणजे टेबल, बरोबर म्हटलं.

जोडाक्षरंही तयारच आहेत. किते म्हणजे ये, कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. पता आणि पत्ता यांतला फरक ज्याला कळतो त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. अनुस्वार तर हुबेहूब आपला: रिंगो (सफरचंद), शिंबुन (वर्तमानपत्र), होंदा. पुढचं अक्षर पाहून उच्चार बदलतो, जसा गंगा, अंबा, वंदना यांत बदलतो.

दीर्घ स्वरासाठी अवग्रह वापरते आहे. ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाऽसान म्हणजे आजी. इथं चूक झाली तर समोरच्या बाईंना वाईट वाटू शकतं, म्हणून हा अवग्रह लाल शाईनं.

संध्याकाळी सेन्सेईंना पानं दाखवली. वॉर्डातल्या स्वयंसेवी वर्गात त्या शिकवतात. देवनागरीकडे बघून त्या म्हणाल्या, "आमची वर्णमाला तुमच्याकडूनच आलीय." मला ते पुरतं माहीत नव्हतं. आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे संस्कृत वर्णमालेतून बसला. आपल्या क च ट त प य र ल व शी ताडून पाहा. च च्या जागी स आहे, कारण जुन्या जपानीत तो उच्चार च च्या जवळचा होता असं मानतात. प च्या जागी ह आहे, कारण आजचा ह एके काळी प होता. तो जुना प अजूनही डोकावतो. लांबट वस्तू मोजायचा शब्द 'होन', पण एक छत्री म्हटली की 'इप्पोन' आणि तीन म्हटल्या की 'साम्बोन'. हे इप्पोन-साम्बोन मी घोकून घोकून पाठ केलं होतं. त्याचं कारण बालवाडीतल्या तक्त्यात होतं हे आज कळलं. रात्री झोप लागेना.

२ फेब्रुवारी

आज सेत्सुबुन, वसंत सुरू होण्याच्या आदल्या दिवसाचा सण. बहुतेक वर्षी ३ तारखेला येतो, यंदा २ ला. २०२१ मध्येही २ ला आला होता, तेव्हा तब्बल १२४ वर्षांनी.

भाजलेले सोयाबीन दाराबाहेर फेकत ओरडायचं: ओनि वा सोतो, फुकु वा उचि. ओनि म्हणजे राक्षस, तो बाहेर. फुकु म्हणजे सुदैव, भाग्य, ते घरात. मग आपल्या वयाइतके दाणे खायचे. वहिनी यवतमाळच्या, मी नागपूरची. दोघींच्या तोंडून एकाच वेळी निघालं, "घेऊन जा गे मारबत!" तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याबरोबर इडा-पिडा गावाबाहेर पाठवतात, तशी ही इथली घरगुती मारबत.

उचि आणि सोतो हे दोन शब्द मात्र वहीत वेगळे घेतले. आतला आणि बाहेरचा. हे नुसतं घरापुरतं नाही. आपल्या ऑफिसातल्या साहेबाबद्दल बाहेरच्या माणसाशी बोलताना त्यांच्या नावापुढचा 'सान' गाळतात, कारण साहेब आपल्या 'आतले'. मराठीत परक्यासमोर नवऱ्याचा उल्लेख 'आमचे हे' असा वाढवून करतात. इथं उलट, आतल्याला कमी करून सांगतात.

१६ फेब्रुवारी

हे पान आजवरचं सगळ्यात महत्त्वाचं.

वहिनींच्या सासूबाई दोन महिन्यांसाठी आल्यात. काकूंच्या पोटात दुखायला लागलं, म्हणून मी सोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "किरिकिरि? शिकुशिकु?" वहिनींनी फोनवर भाषांतर करायला घेतलं. पडद्यावर एकच शब्द आला, दुखणं. डॉक्टर थांबून राहिले. त्यांना दुखतंय हे कळलंच होतं, कसं दुखतंय ते हवं होतं. तेवढ्यात काकू स्वतःच म्हणाल्या, "मधूनच कळ येते गं. आणि सकाळपासून मळमळतंय." मला त्यासाठी इंग्रजी शब्द शोधावा लागला नाही. किरिकिरि. मुकामुका. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला लागले.

घरी येईपर्यंत रेल्वेत पान भरलं होतं. नंतर सेन्सेईंकडून तपासून घेतलं:

झुकिझुकि: ठणका, ठसठस. दात, गळू, डोकं.
किरिकिरि: कळ. बहुतेक पोटात.
शिकुशिकु: बारीक दुखत राहणं, थांबत नाही असं.
चिकुचिकु: टोचल्यासारखं.
हिरिहिरि: चुरचुर. भाजलेलं, खरचटलेलं.
गानगान: डोक्यात घण घातल्यासारखं.
मुकामुका: मळमळ.
कुराकुरा: गरगरणं.
झोकुझोकु: हुडहुडी, ताप चढतानाची.
बिरिबिरि: मुंग्या, झिणझिण्या.

जपानीत असे दुहेरी शब्द शेकड्यांनी आहेत आणि ते बाळबोध मानत नाहीत. डॉक्टरही वापरतात, वर्तमानपत्रंही. आपल्याकडेही तेच आहे. इराइरा म्हणजे चिडचिड, याहून नेमका शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेतून आणायचा? सेन्सेईंना मी "चिडचिड" म्हणून दाखवलं. अर्थ न सांगता त्यांनी तो ओळखला, माझ्या चेहऱ्यावरून असेल कदाचित.

काकू बऱ्या आहेत. या पानाच्या प्रती काढून पाच घरांत दिल्या. वही पूर्ण व्हायची वाट पाहिली नाही.

२० मार्च

आज वसंतसंपात, सुट्टी. संपाताच्या आगेमागे तीन-तीन दिवस धरून आठवडाभर हिगान असतो. लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर जातात, दगड धुतात, फुलं-उदबत्त्या लावतात. हिगान म्हणजे पलीकडचा किनारा. पैलतीर! अर्थ सांगायला मराठीत एकच शब्द पुरला, आणि तोही रोजचा.

शेजारच्या आजी यजमानांच्या थडग्यावर निघाल्या होत्या. पाण्याची बादली धरायला मी सोबत गेले. थडग्यांमागे लांब लाकडी फळ्या उभ्या होत्या, त्यांना सोतोबा म्हणतात. हा आपला स्तूप, चीनमार्गे आलेला. वरच्या टोकाला शाईनं काढलेली अक्षरं सिद्धम् लिपीतली. जवळ जाऊन पाहिलं. वाचता आली नाहीत, पण वळण ओळखीचं वाटलं. नागपूरला दीक्षाभूमीवर आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये मी लहानपणी जपानी भिक्षू पाहिले आहेत. ही वाट जुनी आणि दोन्हीकडून चालती आहे, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

असे आणखी शब्द टिपून ठेवले. हाचि, म्हणजे वाडगा किंवा कुंडी, हे पात्र. नाराकु हे नरक, आणि काबुकीच्या रंगमंचाखालच्या तळघरालाही हाच शब्द. दान्ना हे दान. आधी दाता, मग आश्रयदाता, मग धनी, आणि आता बायका नवऱ्याला म्हणतात. सुशीच्या भाताला दुकानदार 'शारि' म्हणतात, तोच शब्द बुद्धाच्या अस्थींसाठी आहे, संस्कृत शरीरावरून आलेला.

परतल्यावर आजींनी डबा दिला. बोतामोचि, म्हणजे चिकट भाताचा गोळा, बाहेरून अझुकीच्या गोड सारणानं माखलेला. त्या सारणाला आंको म्हणतात. वहीत लिहिलं: आंको म्हणजे लाल चवळीसारख्या दाण्यांचं पुरण. डबा देताना त्या म्हणाल्या, ओसुसोवाके. सुसो म्हणजे वस्त्राचा खालचा काठ. आपल्याला मिळालेल्यातला काठ शेजाऱ्याला देणं.

३० मार्च, पाडवा

डबा रिकामा परत करायचा नाही, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. पुरणपोळ्या केल्या, चार डब्यात घातल्या.

देताना काय म्हणायचं यावर सेन्सेईंशी आधी बोलणं झालं होतं. पुस्तकात आहे त्सुमारानाइ मोनो देस गा, म्हणजे तशी क्षुल्लकच वस्तू आहे, पण. सेन्सेई म्हणाल्या, अलीकडे हे फार औपचारिक वाटतं, शेजाऱ्याकडे नको. मी म्हटलं, आमच्याकडे "काही विशेष नाही, चाखायला आणलंय" म्हणतात. त्यांना ते आवडलं.

आजींनी दारातच पोळीचा तुकडा मोडला. आधी दोन्ही हात जोडले, इतादाकिमास. या शब्दाचं मूळ क्रियापद इतादाकु म्हणजे वरच्याकडून मिळालेलं नम्रपणे घेणं, आणि त्याहून मागे गेलं तर डोक्यावर धरणं. डोंगराच्या शिखरालाही 'इतादाकि' म्हणतात. आपण प्रसाद घेतल्यावर हात कपाळाला लावतो ना, तेच. एकटा माणूस रेल्वे स्टेशनवर डबा उघडतानाही हे म्हणतो. घास तोंडात गेल्यावर आजी थांबल्या. म्हणाल्या, "आंको मिताइ." आंकोसारखं. मग नात्सुकाशिइ. हा शब्द मी अजून अडवून ठेवलाय. जुनं काही समोर आलं की मन भरून येतं, पण दुःखानं नाही. 'आठवण येते' यात विरह फार आहे. तूर्त समोर लिहिलं: "किती दिवसांनी गं!"

जाताना त्यांनी गोचिसोऽसामा म्हटलं. चिसोऽ लिहितात त्या दोन्ही चिन्हांचा अर्थ धावणं. पाहुण्यासाठी केलेली धावपळ. पुरणाच्या स्वयंपाकानंतर हे ऐकलं की बरं वाटतं.

१८ एप्रिल

दुकानातले शब्द. पान म्हणजे पाव, आणि दोन्ही भावंडं. पोर्तुगीज 'पाँव' आपल्याकडे गोव्यातून पाव झाला, जपानात पान. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतला, १५४३ मध्ये ते जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. आन्जिरोऽ नावाचा जपानी माणूस १५४८ मध्ये गोव्यात ख्रिस्ती झाला, आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियरला घेऊन कागोशिमाला उतरला. झेवियरचं शव जुन्या गोव्यात आहे. पावाची लादी घेताना मुलांना एवढं सांगावं, लक्षात राहतं.

पिशवीचा प्रश्न: फुकुरो वा? २०२० च्या जुलैपासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, म्हणून प्रत्येक वेळी विचारतात. नको असेल तर दाइजोऽबु देस. मूळ अर्थ 'ठीक आहे', इथं मात्र तो नकार. मराठीतलं "असू द्या".

११ मे

कचरा. जपानात राहायचं तर हे पान आधी पाठ करावं.

गोमि म्हणजे कचरा. जळणारा, न जळणारा, पुनर्वापराचा, प्रत्येकाचा वार वेगळा. तोऽक्योऽच्या २३ वॉर्डांत साधारण ३० सेंटीमीटरपेक्षा मोठी घरगुती वस्तू असली की ती सोदाइ गोमि. आधी वेळ ठरवायची, पैसे भरून स्टिकर आणायचा, तो लावून वस्तू ठेवायची. पिशव्यांवर जाळी ओढायची ती कारासुसाठी, म्हणजे कावळ्यांसाठी.

इथल्या पहिल्या वर्षी मी चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली होती. आजी बाहेर आल्या, हसल्या, आणि म्हणाल्या, "क्योऽ वा... चोत्तो..." आज जरा... मी वाट पाहत राहिले, पुढचं वाक्य आलंच नाही. शब्दकोशात चोत्तो म्हणजे थोडं. प्रत्यक्षात तो पूर्ण नकार आहे, समोरच्यानं पुढचं समजून घ्यायचं. मला कळायला तीन आठवडे लागले, तोवर त्या न बोलता माझी पिशवी आपल्याकडे ठेवून योग्य दिवशी बाहेर काढत होत्या. हे वहिनींना सांगताना घसा दाटला. चोत्तोसमोर लिहिलं: "जरा अडचण आहे हो." त्याखाली लाल शाईनं: *पुढचं वाक्य येणार नाही.*

१४ जून

योरोशिकु ओनेगाइशिमास पाच महिने रिकामा होता. ओळख झाल्यावर, काम सोपवताना, वर्ग सुरू होताना, सगळीकडे म्हणतात, आणि प्रत्येक पुस्तक वेगळा अर्थ देतं. आज आजोबांची जुनी पत्रं चाळत होते, शेवटची ओळ दिसली: "लोभ असावा, ही विनंती." ओनेगाइ म्हणजे विनंतीच. योरोशिकु म्हणजे चांगल्या रीतीनं, आपल्या मर्जीनं. शब्दाला शब्द बसला. सेन्सेईंना 'लोभ' समजावून सांगितला, त्यांनी वहीवर गोल खूण केली. इथं बरोबर उत्तराला गोल करतात.

ओत्सुकारेसामा अजून अडलाय. काम संपल्यावर एकमेकांना म्हणतात. आतला शब्द दमण्याचा. त्याच अर्थाचं गोकुरोऽसामा वडीलधाऱ्यांना म्हणू नये, ते वरच्यानं खालच्याला म्हणायचं. वहिनींनी सुचवलं: "दमलात हो." गावाकडे शेतावरून आलेल्या माणसाला हेच म्हणतात. ठेवते.

२० जुलै

नव्वद शब्द झाले. पाणी, वीज, शाळेची चिठ्ठी ही पानं भराभर झाली, लिहिण्यासारखं फार नाही.

१ सप्टेंबर

आज बोऽसाइ नो हि, आपत्तीपासून बचावाचा दिवस. १९२३ च्या याच तारखेला, दुपारी ११:५८ वाजता कान्तोऽचा मोठा भूकंप झाला. शाळेत मुलांकडून सराव करून घेतला.

मुलगी घरी आली आणि म्हणाली, "आई, तुझ्या वहीत 'निगेते' नाहीये." मी तपासलं. खरंच नव्हतं. निगेते म्हणजे पळा. २०२४ च्या १ जानेवारीला नोतोच्या भूकंपानंतर टीव्हीच्या पडद्यावर सोप्या अक्षरांत हेच होतं: त्सुनामि, निगेते. १९९५ च्या कोबे भूकंपात परदेशी लोकांना सूचना कळल्या नाहीत, त्यातून 'यासाशिइ निहोंगो', म्हणजे सोपं जपानी, पुढे आलं. त्सु म्हणजे बंदर, नामि म्हणजे लाट. चुलीतला च.

मग वॉर्डाचा पुराचा नकाशा काढला. एदोगावाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ च्या नकाशाच्या मुखपृष्ठावर छापलंय: कोको नि इते वा दामे देस. इथं थांबू नका. सहा वर्षं हा नकाशा आमच्या खणात होता.

आज वहीची पानं सोडवून पुन्हा लावली. इत्तेकिमास दुसऱ्या पानावर गेलं. पहिल्यावर आता हे: निगेते, पळा. हिनान, सुरक्षित जागी जाणं. ताकाइ तोकोरो, उंच जागा. हिनान शिजि, बाहेर पडायचा आदेश. २०२१ पासून हा एकच आदेश आहे, त्याआधीची 'शिफारस' काढून टाकली. तेव्हा हा आला की निघायचंच.

संध्याकाळी आजींना विचारलं, पूर आला तर कुठं जाणार? त्यांनी मुलाच्या घराचं नाव घेतलं, मग म्हणाल्या की एकटीनं जिने उतरणं आता चोत्तो... यावेळी मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली नाही. आमच्याबरोबर चला, असं म्हटलं. त्यांनी वही मागितली आणि पहिल्या पानाच्या तळाशी हिरागाना लिपीत पाच अक्षरांचा एक शब्द लिहिला: इश्शो नि. त्याच्यासमोरची मराठीची जागा मी आत्ता भरली. सोबतीनं.